गॅरेजमधला जीएफसीआय सारखा पडतो: गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. गॅरेजमधल्या जीएफसीआय आउटलेटवर, म्हणजे विजेची गळती होताच पडणाऱ्या (वीज तोडणाऱ्या) ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टरवर, टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असतात, त्यातलं रीसेटचं बटण बाहेर आलेलं दिसतं. ते दाबलं की दोन दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. कुणाचा फ्रीझर रात्रीत बंद पडून आतलं सगळं पाघळतं, कुणाचं गॅरेजचं दार उघडत नाही, तर कुणाच्या बाथरूममधलं आउटलेट मेलेलं असतं आणि त्याचं मूळ गॅरेजमध्ये आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेत, त्यातही जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो. त्यावर शेजारीपाजारी जो सल्ला देतात तो ऐकून मात्र काळजी वाटते: "तो जीएफसीआय काढ आणि साधं आउटलेट बसव, कटकट मिटेल."

कटकट मिटते, गळती तशीच राहते. वारंवार पडणारा जीएफसीआय बहुतेक वेळा बरोबरच सांगत असतो. कुठून तरी वीज भलत्या वाटेने जमिनीत जाते आहे, एवढंच तो सांगतो. कुठून ते सांगत नाही. ते शोधायचं काम आपलं, आणि क्रमाने गेलं तर ते फार अवघड नाही. दुसरी गोष्ट अशी की हा त्रास पुन्हा पुन्हा होणाऱ्या घरांत गॅरेजच्या सर्किटवर नको नको ते लादलेलं असतं. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे एनईसीमध्ये, गॅरेजच्या आउटलेटसाठी जे नियम हळूहळू आले, ते पाळले की या त्रासाचा मोठा भाग आपोआप जातो. म्हणून आधी शोध कसा घ्यायचा ते बघू, मग नियमांकडे वळू.

तो नेमकं काय मोजतो

किती वीज वापरली जाते आहे याच्याशी जीएफसीआयला देणंघेणं नसतं. हॉट वायरमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. 4 ते 6 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. याउलट 20 अँपिअरचा ब्रेकर 20,000 मिलिअँपिअर ओलांडल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे माणसाला शॉक बसत असताना ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही.

5 मिलिअँपिअरच्या आसपासचा हा आकडा उगाच ठरलेला नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेला विजेचा तार किती करंटपर्यंत स्वतःहून सोडता येतो ते मोजलं होतं. पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांमध्ये सुमारे 10.5. त्याच्या वर स्नायू आखडतात आणि मूठ उघडतच नाही. 1961 मध्ये डॅलझिल यांनीच जीएफसीआय तयार केला. मूठ आखडण्याच्या बऱ्याच अलीकडे वीज तुटावी, हा त्यामागचा हिशेब आहे. गॅरेजमध्ये तर त्याची गरज जास्तच, कारण काँक्रीटची फरशी ओल धरते, ओलं काँक्रीट वीज चांगली वाहून नेतं आणि त्यावर उभा असलेला माणूस हातात ड्रिल किंवा एक्स्टेंशन कॉर्ड धरून असतो.

आणखी एक गोष्ट माहीत असली तर बराच वेळ वाचतो. पुढच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड (अर्थिंगची तार) कुठे एकमेकांना टेकले असतील, तर काहीही प्लग केलेलं नसतानाही जीएफसीआय पडतो. "सगळं काढलं तरी पडतो, म्हणजे तोच खराब" असा निष्कर्ष लोक इथेच काढतात आणि तो चुकतो. आउटलेट बॉक्समध्ये दाबून बसवताना ग्राउंडची उघडी तार न्यूट्रलच्या स्क्रूला टेकलेली असते, एवढंच.

आधी ठरवा: पडलं कोण?

पॅनेलमधला, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतला, ब्रेकर पडला असेल आणि जीएफसीआय जागेवर असेल, तर हा गळतीचा प्रश्नच नाही. ओझं जास्त झालं आहे किंवा शॉर्ट आहे. 120 व्होल्टवर 15 अँपिअरच्या सर्किटची एकूण मर्यादा 1800 वॉट, 20 अँपिअरची 2400 वॉट. 1500 वॉटचा हीटर एकटाच साडेबारा अँपिअर ओढतो. त्याच सर्किटवर फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की काही मिनिटांनी ब्रेकर पडणारच. इलेक्ट्रिक गाडीचा 120 व्होल्टचा चार्जर रात्रभर 12 अँपिअर घेत असेल तर तीच गत. इथे उपाय एकच, ओझं वाटून द्या. 15 अँपिअरचा ब्रेकर काढून 20 चा बसवणं हा उपाय नव्हे. भिंतीतली तार 14 गेजची, म्हणजे 15 अँपिअरपुरतीच जाड, असेल तर ती तापेल आणि ब्रेकर गप्प बसेल.

पॅनेलमधल्या ब्रेकरवरच टेस्टचं बटण असेल तर तो जीएफसीआय ब्रेकर आहे. तो गळतीनेही पडतो आणि ओझ्यानेही, म्हणून दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

रीसेट दाबूनही बटण बसत नसेल तर आधी त्याच्यापर्यंत वीज पोचते का ते बघा. आजचे जीएफसीआय वीज आल्याशिवाय रीसेट होत नाहीत. कित्येकदा त्याच्याही आधी, सामानाच्या मांडणीमागे दडलेला दुसरा जीएफसीआय पडलेला असतो.

वेळ लिहून ठेवा

माझ्या मते कुठल्याही मीटरपेक्षा हे साधन मोठं आहे. जीएफसीआयजवळ एक कागद चिकटवा आणि तो पडल्याचं दिसेल तेव्हा तारीख, वेळ, हवामान आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहा. आठवड्याभरात त्यात काही ना काही क्रम दिसू लागतो. पावसानंतर किंवा स्प्रिंकलर चालल्यानंतर पडतो? घराबाहेरचं आउटलेट किंवा जमिनीखालची केबल. पहाटे, दव पडलेलं असताना? तेच, पण ओल थोडी आहे. ठरावीक तासांच्या अंतराने, हवा कशीही असो? फ्रीझर. गॅरेजचं दार उघडताच? ओपनर, म्हणजे दार उघडणारी मोटार, किंवा त्याचा दिवा. गाडी चार्जिंगला लावताच? त्याबद्दल पुढे येतं. काहीच क्रम नाही, तर ढिला जोड किंवा म्हातारा झालेला जीएफसीआय.

विभागून शोधायची रीत

टेस्टचं बटण दाबून जीएफसीआय मुद्दाम पाडा. मग एक छोटा दिवा किंवा नाइट लँप घेऊन सगळ्या घरात फिरा आणि कुठली कुठली आउटलेट मेली आहेत त्याची यादी करा. गॅरेज, घराबाहेरची पुढची-मागची भिंत, तळघर, बाथरूम, अंगणातला खांब, सगळं बघा. जुन्या घरांत ही यादी पाहून माणूस चक्रावतो. त्या काळी एकच महागडा जीएफसीआय गॅरेजमध्ये बसवून बाथरूम आणि बाहेरची आउटलेट त्याच्याच मागे जोडायची पद्धत होती.

यादीतल्या प्रत्येक आउटलेटमधून प्लग काढा. नुसतं स्विचने बंद करून चालत नाही, प्लगच निघाला पाहिजे. उपकरण बंद असलं तरी त्याच्या कॉर्डमधून गळती चालू राहू शकते. आता रीसेट करा. बसला आणि टिकला, तर दोष उपकरणात आहे. एकेक उपकरण परत लावा, पण घाई करू नका. फ्रीझरसारख्या उपकरणाला निदान पूर्ण एक दिवस द्यावा लागतो.

काहीही लावलेलं नसताना लगेच पडला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा जीएफसीआयमध्ये. इथून पुढे बॉक्स उघडावा लागतो, म्हणून थोडं थांबून वाचा. पॅनेलमधला ब्रेकर बंद करा. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या आउटलेटवर लावून तो चालतो याची खात्री करा, मग या आउटलेटवर लावून वीज गेल्याची खात्री करा, आणि पुन्हा एकदा चालू आउटलेटवर लावून बघा. वीज गेली असं सांगणारा टेस्टर स्वतःच बंद पडलेला असेल तर काय होईल, हे सांगायला नको. पॅनेलचं आतलं झाकण मात्र स्वतः उघडू नका. मुख्य ब्रेकर बंद केला तरी बाहेरून येणाऱ्या जाड तारा जिवंतच असतात.

जीएफसीआयच्या पाठीमागे दोन जोड्या असतात, लाइन आणि लोड. लाइनवर पॅनेलकडून येणारी वीज, लोडवर पुढे जाणारी. तारांचा फोटो काढून ठेवा. लोडच्या दोन्ही तारा, काळी आणि पांढरी, सोडवा, प्रत्येकीवर वेगळं वायर नट (तारेच्या टोकावर फिरवून बसवायची टोपी) लावा आणि त्या बॉक्समध्ये अशा ठेवा की कशालाही टेकणार नाहीत. ब्रेकर चालू करा, रीसेट दाबा. फक्त लाइन जोडलेली असतानाही पडत असेल तर तो जीएफसीआय गेला, बदला. टिकला, तर दोष पुढच्या तारेत आहे. मग यादीतल्या साधारण मधल्या आउटलेटवर जा, तिथे पुढे जाणाऱ्या तारा तशाच सोडवा आणि पुन्हा बघा. अशी अर्धी अर्धी विभागणी केली की दोष दोन आउटलेटच्या मधल्या तुकड्यावर किंवा एखाद्या बॉक्सवर येऊन थांबतो.

एका गोष्टीने इथे चांगले चांगले लोक फसतात. जुन्या घरात दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल दिलेला असू शकतो. तसा सामाईक न्यूट्रल जीएफसीआयच्या लोडवर जोडला, तर दुसऱ्या सर्किटचा करंट त्याच्या हिशेबात शिरतो आणि तो पडत राहतो. लोडकडे लाल आणि काळी अशा दोन हॉट तारांबरोबर एकच पांढरी तार जाताना दिसली, तर हा प्रश्न इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

बाहेरचं आउटलेट

पावसानंतर पडणाऱ्या जीएफसीआयचा शोध बहुतेकदा इथे संपतो. ब्रेकर बंद करून बाहेरच्या आउटलेटचं झाकण काढा आणि टॉर्च मारून बघा. चांदीच्या रंगाच्या न्यूट्रल स्क्रूवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचलेली असते. बॉक्सच्या तळाशी पाणी सुकल्याची आडवी तपकिरी रेघ दिसते. पाणी कुठवर चढलं होतं तेच ती दाखवते. वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आणि अंडी. ओल्या धुळीचा आणि जाळ्याचा हा थर हॉटच्या स्क्रूपासून ग्राउंडपर्यंत पोचला की जीएफसीआय पडण्याइतकी वीज सहज गळते. थर सुकला की गळती थांबते, म्हणून दुपारी तपासायला जावं तर सगळं ठीक दिसतं.

साफ करून तेच आउटलेट परत लावू नका. डब्ल्यूआर असं छापलेलं, म्हणजे बाहेरच्या हवेसाठी बनवलेलं आउटलेट घ्या. बाहेर उघड्यावर प्लग लावलेला असतानाही झाकून राहील असं फुगीर झाकण कोडनुसार लागतं. जुनं चपटं झाकण प्लग लावला की उघडं राहतं आणि पाणी थेट आत जातं. बॉक्स आणि भिंतीच्या मधली फट वरून आणि बाजूंनी सीलंटने बंद करा, खाली मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या की आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही.

फ्रीझर

गॅरेजमधल्या फ्रीझरवरून दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं, फ्रीझरला जीएफसीआय नकोच, दुसऱ्याचं, हवाच. कोडचं उत्तर स्पष्ट आहे. पूर्वी एकाच जागी ठेवलेल्या फ्रीझरसारख्या उपकरणाच्या आउटलेटला आणि छतावरच्या ओपनरच्या आउटलेटला सूट होती. 2008 च्या आवृत्तीत ती काढली गेली. जुन्या नियमाने बांधलेलं घर तसंच राहू शकतं, पण ते आउटलेट बदलायला घेतलंत की नव्याला जीएफसीआय संरक्षण द्यावंच लागतं.

आता दोष. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये कॉइलजवळ एक हीटर असतो आणि तो काही तासांच्या अंतराने थोडा वेळ चालू होतो. जुन्या हीटरच्या आवरणाला बारीक तडे जातात, वितळलेलं पाणी आत शिरतं आणि हीटर चालू होताच गळती होते. कॉम्प्रेसर तासन् तास बिनघोर चालतो आणि मग अचानक जीएफसीआय पडतो, त्याचं कारण हे. वरून उघडणाऱ्या, हाताने बर्फ काढाव्या लागणाऱ्या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये हा हीटर नसतो. तो पाडत असेल तर कॉम्प्रेसरच्या गुंडाळीकडे किंवा सुरू करणाऱ्या रिलेकडे बघायला सांगा.

खात्री करायची तर फ्रीझर एक दिवसासाठी घरातल्या दुसऱ्या, वेगळ्या सर्किटवरच्या जीएफसीआयवर लावा. तिथेही पाडला तर दोष फ्रीझरचाच. साध्या आउटलेटवर लावून "बघ, इथे व्यवस्थित चालतो" म्हणण्यात अर्थ नाही. तिथे गळती मोजणारं कुणीच नाही.

फ्रीझर निर्दोष असेल आणि बाहेरच्या आउटलेटच्या ओलीमुळे बिचारा बंद पडत असेल, तर त्याला स्वतंत्र सर्किट आणि स्वतःचा जीएफसीआय द्या. दुसऱ्याच्या गळतीची शिक्षा त्याला होणार नाही. शिवाय तापमान वाढलं की वाजणारा बॅटरीवरचा अलार्म आत ठेवा. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास थंडावा टिकवतो, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं मार्गदर्शन आहे. अलार्म वेळेवर वाजला तर एवढ्या अवधीत सगळं वाचतं.

दाराचा ओपनर, दिवे, अवजारं

ओपनरचं आउटलेट छतावर असतं, आणि जीएफसीआय मात्र शिडी न लावता, सामान न हलवता हात पोचेल अशा जागी असावा असा नियम आहे. म्हणून छतावर जीएफसीआय आउटलेट बसवू नका. भिंतीवरच्या जीएफसीआयच्या लोडवरून किंवा जीएफसीआय ब्रेकरवरून त्याला वीज द्या. ओपनर एक्स्टेंशन कॉर्डवर कायमचा लटकवलेला असतो, तेही कोडला मान्य नाही. जुन्या ट्यूबलाइटचे बॅलास्ट (चोक) गळती करतात. एलईडी लावले की प्रश्न मिटतो. अवजारांत बहुतेकदा कॉर्डच दोषी असते. ती प्लगजवळ आणि अवजारात शिरते तिथे वाकवून बघा.

इलेक्ट्रिक गाडी

गाडीच्या चार्जरमध्ये स्वतःची गळती-तपासणी असते आणि चार्जिंग सुरू करताना तो ती तपासून बघतो, ग्राउंड जागेवर आहे का तेही बघतो. त्यासाठी तो किंचित करंट ग्राउंडमध्ये सोडतो. मागे जीएफसीआय ब्रेकर असेल तर काही वेळा तो यालाच गळती समजतो. गाडीसाठी बसवलेल्या आउटलेटला जीएफसीआय हवाच, असं एनईसी 2017 पासून सांगतो, आणि 2020 च्या आवृत्तीने गॅरेजमधली 240 व्होल्टची आउटलेटही जीएफसीआयच्या कक्षेत आणली. त्यामुळे नेमा 14-50 आउटलेट (240 व्होल्ट, 50 अँपिअरचं) आणि प्लगवाला चार्जर ही जोडी आता सारखी पडण्याची तक्रार घेऊन येते.

यावर माझं स्पष्ट मत आहे: रोज चार्ज करणार असाल तर आउटलेट नकोच, चार्जर थेट तारांनी जोडून घ्या. 2017 ते 2023 च्या आवृत्त्यांत गॅरेजच्या आत थेट जोडलेल्या चार्जरला वेगळा जीएफसीआय ब्रेकर लागत नाही, कारण ते संरक्षण चार्जरमध्येच असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रोज रात्री तासन् तास 40 अँपिअर वाहणारा प्लग आणि स्वस्तातलं आउटलेट यांचा जोड तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं. सलग 3 तास किंवा जास्त चालणाऱ्या ओझ्यासाठी सर्किट 125 टक्के क्षमतेचं लागतं, म्हणून 50 अँपिअरच्या सर्किटवर चार्जर 40 च्या वर लावू नये.

वेगळं बांधलेलं गॅरेज

घरापासून सुटं गॅरेज असेल तर जमिनीखालच्या केबलवर संशय घ्या. एक नियम इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. जमिनीत थेट पुरलेली केबल साधारण 24 इंच खोल लागते, पण 120 व्होल्ट, 20 अँपिअरपर्यंतच्या घरगुती सर्किटला सुरुवातीलाच जीएफसीआय संरक्षण असेल तर 12 इंच चालतात. एवढ्या उथळ केबलला फावड्याची धार लागायला वेळ लागत नाही. खरचटलेली केबल कोरड्या मातीत वर्षभर चालते आणि पहिल्या मोठ्या पावसात गळते. अशा वेळी कुणी जीएफसीआय काढून टाकला तर 12 इंचांची सवलतच संपते, आणि अंगणात जेमतेम फूटभर खोलीवर उघडी पडलेली, वीज वाहणारी तार उरते. मुलं जिथे खेळतात तिथे. सुट्या गॅरेजमध्ये स्वतःचं उपपॅनेल असेल आणि त्यात न्यूट्रल-ग्राउंड जोडलेले असतील, तर घराकडच्या बाजूला बसवलेला जीएफसीआय रीसेटच होणार नाही. हे काम परवाना असलेल्याचंच.

कोड काय मागतो, आणि का

एनईसी दर 3 वर्षांनी नवा निघतो. तो आपोआप लागू होत नाही. राज्य, कधी कधी शहर, आपल्याला हवी ती आवृत्ती हवे ते बदल करून स्वीकारतं. त्यामुळे तुमच्याकडे कुठली आवृत्ती चालते ते स्थानिक इमारत विभागाला विचारा. मागण्या सगळीकडे साधारण याच आहेत.

गॅरेजमधल्या आउटलेटना जीएफसीआय ही मागणी 1978 पासूनची आहे. घर त्याआधीचं असेल तर ते नसणं बेकायदा नाही, पण मी तरी ते तसं राहू देणार नाही. 2014 च्या आवृत्तीत प्रत्येक गाडीच्या जागेसाठी निदान एक आउटलेट आलं, आणि 2017 मध्ये ते जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आत असावं असं ठरलं. ओपनरचं छतावरचं आउटलेट यात धरता येत नाही. कारण सरळ आहे: आउटलेट जवळ नसेल तर लोक जमिनीवरून एक्स्टेंशन कॉर्ड ओढतात, तिच्यावरून गाडी जाते, टायरबरोबर आलेलं पाणी तिच्या जोडात शिरतं.

त्याच 2017 मध्ये दुसरी, जास्त मोलाची मागणी आली. गॅरेजच्या आउटलेटसाठी निदान एक स्वतंत्र 120 व्होल्ट, 20 अँपिअरचं सर्किट हवं आणि त्यावर दुसरं काही नसावं. ना बाथरूम, ना तळघर, ना दिवे. वर ज्या घरांत यादी पाहून माणूस चक्रावतो म्हटलं, तिथलं तसलं सर्किट या नियमाने नव्या घरात होऊच शकत नाही. एक सूट आहे: हात पोचेल अशी घराबाहेरची आउटलेट त्याच सर्किटवर चालतात. सूट असली तरी मी ती घेऊ नये असंच सांगेन. बाहेरची ओल आणि आतला फ्रीझर एका जीएफसीआयच्या मागे बांधणं म्हणजे हा सगळा त्रास हाताने विणून ठेवणं. बाहेरच्या आउटलेटला त्यांचा स्वतःचा जीएफसीआय द्या, आणि आतल्या जीएफसीआयच्या लोडऐवजी लाइनकडून वीज घ्या. सर्किट तेच राहिलं तरी पडेल तो बाहेरचा, आतलं चालू राहील. एका जीएफसीआयच्या मागे दुसरा लावला तर धोका काही नाही, पण कोण पडला ते शोधत फिरावं लागतं.

उंचीबद्दल एक गैरसमज दूर करतो. "गॅरेजमधलं आउटलेट 18 इंचांच्या वर हवं" असं सर्रास ऐकू येतं. हा 18 इंचांचा नियम ठिणगी किंवा ज्योत असलेल्या उपकरणांसाठी, उदाहरणार्थ गॅसच्या वॉटर हीटरसाठी, इमारतीच्या कोडमधून आला आहे, आणि व्यावसायिक गॅरेजचे नियम निराळे आहेत. घरगुती गॅरेजच्या आउटलेटला एनईसीने किमान उंची घातलेली नाही. तरी पाणी साचण्याचा संभव असेल तर ती उंच बसवणंच शहाणपणाचं. मुलांनी काही खुपसू नये म्हणून टीआर छापलेली आउटलेटही गॅरेजमध्ये लागतात. 2008 पासून हा नियम आहे.

जुन्या, ग्राउंड नसलेल्या तारेवर तीन छिद्रांचं आउटलेट हवं असेल तर जीएफसीआय लावता येतो, पण त्यावर ग्राउंड नाही असं सांगणारं लेबल चिकटवावं लागतं. अशा जागी बाहेरून लावायच्या टेस्टरने जीएफसीआय पडणार नाही, कारण तो टेस्टर ग्राउंडच्या वाटेनेच गळती करतो. जीएफसीआयवरचं स्वतःचं टेस्टचं बटण तिथे खरं मानायचं. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. 2015 च्या मध्यापासून बनलेले जीएफसीआय स्वतःच स्वतःला अधूनमधून तपासतात आणि निकामी झाले तर तसं कळवतात; त्याआधीचा असेल आणि कुरकुर करत असेल तर फार विचार न करता बदला.

दोष सापडला आणि दुरुस्त झाला की तुम्ही केलेली यादी कामाला लावा. जीएफसीआयच्या मागे असलेल्या प्रत्येक आउटलेटवर छोटं लेबल लावा आणि पॅनेलच्या दाराच्या आत लिहून ठेवा: हे आउटलेट मेलं तर रीसेट इथे आहे. नवं सर्किट ओढायचं असेल तर परमिट घ्या. बऱ्याच ठिकाणी मालकाला स्वतःच्या घरासाठी ते मिळतं, आणि तपासनीस येऊन जातो हा आपला फायदाच असतो.

इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं तर वेळांचा कागद, मेलेल्या आउटलेटची यादी आणि कुठल्या तुकड्यापर्यंत विभागणी केलीत ते, एवढं त्याच्या हातात द्या. त्याचे तास वाचतात. तो मेगरने, म्हणजे 500 व्होल्ट सोडून, तारेचं आवरण तपासेल. त्याआधी त्या सर्किटवरची सगळी उपकरणं, जीएफसीआय आणि डिमर सोडवून ठेवलेत ना याची आठवण करा. त्या व्होल्टेजला त्यांच्या आतले नाजूक भाग टिकत नाहीत.